पाठशाळेतला राघू

बाणभट्टाने 'कादंबरी'च्या सुरुवातीच्या श्लोकांत आपल्या कुळाची ओळख करून दिली आहे. त्यात कुबेर नावाच्या एका पूर्वजाचं घर येतं. घरात वेद शिकायला आलेले बटू बसले आहेत, यजुर्वेद-सामवेदाची संथा चालली आहे, आणि मुलं पदोपदी बिचकत आहेत. बिचकण्याचं कारण गुरुजी नाहीत, पिंजऱ्यातले पोपट आणि मैना आहेत. रोज कानांवर पडून त्या पक्ष्यांना सारं वाङ्मय पाठ झालं आहे, आणि एखाद्या मुलाचं चुकलं की ते तिथल्या तिथे त्याला टोकतात. हे वर्णन सातव्या शतकातलं आहे. कवी स्वतःच्या घराण्याचं कौतुक करतो आहे, तेव्हा अतिशयोक्ती असणारच. पण जिथे विद्या दिली जाते तिथे पिंजरा टांगलेला असतो, हे त्याच्या वाचकाला मुद्दाम समजावून सांगावं लागत नव्हतं एवढं त्यावरून नक्की कळतं.

मी हायस्कूलला आणि नंतर त्याला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवलं. सगळी नोकरी कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी झाली. आमच्याही शाळेत ऑफिसच्या बाहेर, घंटेच्या शेजारी, पोपटाचा पिंजरा होता. पुढे निबंध तपासायला, परीक्षांना, स्पर्धांना म्हणून आसपासच्या शाळांत जाणं झालं, तर तिथेही कुठे व्हरांड्यात, कुठे मुख्याध्यापकांच्या खिडकीत असा एखादा पिंजरा दिसायचाच. तेव्हापासून शाळा आणि पोपट हे नातं जिथे दिसेल तिथे मी टिपून ठेवत गेले. हा लेख त्या टिपणांतून आला आहे. त्यामागे माझी एक मागणी आहे, ती आधीच सांगते: शाळांनी हे पिंजरे उतरवावेत, आणि नीट उतरवावेत.

प्रथा किती जुनी आहे ते पाहू. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त चौसष्ट कलांची यादी आहे. गायन, वादन, नृत्य, माळा गुंफणं यांच्या बरोबरीने पोपट-मैनांना बोलायला शिकवणं ही त्यात एक कला म्हणून नोंदली आहे. म्हणजे पक्ष्याला पढवणं हे नागर माणसाच्या शिक्षणाचाच भाग होतं. त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व चारशेच्या सुमाराला, इराणच्या दरबारातल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने हिंदुस्थानातल्या बोलणाऱ्या पक्ष्याचं वर्णन लिहून ठेवलं. पुढे अलेक्झांडरच्या स्वारीनंतर हे पक्षी ग्रीसपर्यंत गेले, आणि आपल्याकडच्या मोठ्या पोपटाला, ज्याला बाजारात पहाडी म्हणतात, युरोपात त्या राजाचंच नाव चिकटलं.

बाणाच्याच 'हर्षचरिता'त दिवाकरमित्र या बौद्ध आचार्याचा विंध्यातला आश्रम येतो. तिथले पोपट वसुबंधूचा 'कोश' समजावून सांगतात. शंकराचार्यांच्या चरित्रपर 'शंकरदिग्विजया'तला प्रसंग तर कीर्तनांतून घरोघरी पोचलेला आहे. आचार्य मंडनमिश्रांचं घर शोधत माहिष्मतीला येतात आणि पाणी भरायला निघालेल्या दासींना वाट विचारतात. त्या सांगतात, ज्या दारात पिंजऱ्यातल्या मैना आणि पोपट वेदांचं प्रामाण्य स्वतःसिद्ध आहे की दुसऱ्या कशावर टेकलेलं आहे याचा वाद घालत असतील, ते घर मंडनमिश्रांचं समजा. परंपरेतले पुष्कळ जण ही माहिष्मती म्हणजे नर्मदाकाठचं महेश्वर मानतात, तेच पुढे अहिल्याबाईंनी राजधानी केलेलं. ही गोष्ट सांगताना कीर्तनकाराचा आवाज चढतो, श्रोते मान डोलावतात. पिंजऱ्यातला पक्षी पंडिताच्या घराची खूण झाला, त्याच्या विद्वत्तेचा दाखला झाला. दारातल्या त्या पिंजऱ्यांची लांबी-रुंदी किती असेल असा प्रश्न त्या गोष्टीत कोणालाच पडत नाही.

तो प्रश्न पडायला लावणारा मजकूर मात्र आपल्याकडे आहे, आणि तो त्याच बाणाने 'कादंबरी'त लिहिला आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना मी तो भाग वाचून दाखवत असे. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या सोन्याच्या पिंजऱ्यातून वैशंपायन नावाचा पोपट घेऊन येते. पोपट राजाला आपली जन्मकथा सांगतो. पंपासरोवराकाठी एक जुनाट, प्रचंड शाल्मली वृक्ष आहे, म्हणजे आपली सावर. त्याच्या ढोल्यांत पोपटांच्या पिढ्या नांदत आहेत. वैशंपायनाची आई तो जन्मताच गेली. म्हाताऱ्या बापाच्या पंखांत आता जोर उरलेला नाही, तरी दुसऱ्यांच्या घरट्यांतून खाली पडलेले दाणे आणि फळांचे तुकडे गोळा करून तो पिलाला भरवतो आणि पिलाचं उरलेलं आपण खातो.

एके दिवशी शबरांची टोळी शिकार करून निघून जाते आणि एक म्हातारा शबर मागे राहतो. त्याला त्या दिवशी काही मिळालेलं नसतं. जिन्याने चढावं तसा तो झाडावर चढतो. बाण इथे घाई करत नाही. शबर एकेका ढोलीत हात घालून पिलं बाहेर काढतो. काही इतकी कोवळी, की गुलाबी अंगामुळे सावरीची फुलंच वाटावीत. काहींना नुकते पंख फुटू लागलेले. एकेकाची मान मुरगाळायची आणि खाली टाकायचं. बापाला पळण्याची ताकद नाही आणि पळायचंही नाही. तो पिलाला पंखाखाली झाकून घेतो. शबर त्याला मारतो, पण पंखाखालचं पिलू त्याच्या लक्षात येत नाही. मेलेल्या बापाबरोबर ते वाळल्या पाचोळ्याच्या ढिगावर पडतं आणि जगतं. मग सरपटत तमालवृक्षाच्या मुळाशी जाऊन लपणं, घसा कोरडा पडणं, आणि स्नानाला निघालेल्या हारीताने, जाबालि ऋषींच्या मुलाने, उचलून पाणी पाजणं.

वर्गात हा भाग वाचताना एक मुलगी रडली होती. खिडकीतून घंटेजवळचा पिंजरा दिसत होता. तास संपल्यावर तिने विचारलं, "बाई, आपल्या मिठूला कुठून आणलं?" मी ऑफिसात जाऊन चौकशी केली. एका पालकांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो शाळेला भेट दिला होता, आणि त्यांनी तो बाजारातून घेतला होता. बाजाराच्या मागे काय असतं ते बाणाने तेराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. आजच्या व्यापाऱ्याला पिलू जिवंत हवं असतं, म्हणून मान मुरगाळली जात नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्या मातीतलं दुसरं एक जुनं चित्रही सांगायला हवं. सातवाहन राजा हालाच्या 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, आकाशातून खाली उतरणाऱ्या पोपटांच्या रांगेची एक गाथा आहे. पाचू आणि माणकं ओवलेली कंठी आकाशलक्ष्मीच्या गळ्यातून निसटून पडावी, तशी ती रांग कवीला दिसते. हिरवी अंगं, लाल चोची. ज्वारी हुरड्यात आली की आमच्याकडे आजही हे दृश्य दिसतं, माळ्यावर गोफण घेऊन बसलेला राखणदार त्यांना शिव्या घालत असला तरी. मराठी मुलखातल्या त्या जुन्या कवीने पाहिलेला पोपट उडणारा होता आणि एकटा नव्हता.

पुढच्या काळात मात्र पोपट घरात आला तो कायमचाच. पोपटाला रामनाम शिकवता शिकवता गणिका तरून गेली ही कथा संतांनी आणि कीर्तनकारांनी इतक्या वेळा सांगितली, की राघूला देवाचं नाव पढवणं हे पुण्याचं काम ठरलं. वाड्याच्या ओसरीवर पिंजरा आला, 'विठू विठू' आलं, जात्यावरच्या ओव्यांत राघू-मैना आले, पैठणीच्या पदरावर तोता-मैना विणले गेले. पंतोजींच्या शाळाही त्याच ओसऱ्यांवर भरत. मुलांनी धुळाक्षरं गिरवायची, पावकी-निमकी-दिडकी घोकायची. घोकणारी मुलं आणि पढणारा राघू यांतलं साम्य कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं. १९१८ साली रवींद्रनाथांनी 'तोताकाहिनी' लिहिली. राजाच्या अडाणी पोपटाला शिकवायचं ठरतं. सोन्याचा पिंजरा बनतो, पोथ्यांचे ढीग लागतात, पंडितांना बिदाग्या मिळतात, आणि घशात कागद कोंबून कोंबून पोपट मरतो. शिक्षणशास्त्र शिकलेल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांना ही गोष्ट माहीत होती. ती मुलांच्या शिक्षणाविषयी आहे, असंच सगळे म्हणत. ते खरं आहे. पण गोष्टीत मरतो तो पोपट आहे, आणि पोपटाच्या बाजूनेही ती वाचता येते.

आता बाजार. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली उभं राहिलं. आज ती महात्मा फुले मंडई. फळं-भाजीच्या पलीकडे पशुपक्ष्यांच्या दुकानांची रांग ही तिची जुनी ओळख. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत हिंदुस्थान हा रानपक्ष्यांचा मोठा निर्यातदार देश होता, आणि त्या मालात साधा गळापट्टीवाला पोपट भरपूर असे. गावोगावी जाणारा माल वेगळा. संक्रांतीनंतर ढोल्यांत अंडी पडतात, तीन आठवड्यांनी पिलं निघतात, आणि ती उडायच्या आत, म्हणजे सात आठवडे व्हायच्या आत, काढावी लागतात. मोठा पक्षी माणसाळत नाही आणि बोलायलाही शिकत नाही. म्हणून शिमग्याच्या आगेमागे बाजारात टोपल्या दिसत. टोपलीत अर्धवट पिसं फुटलेली, पोट सुटलेली पिलं एकमेकांना बिलगून बसलेली. विकणारा डाळीच्या भिजल्या पिठाची गोळी करून त्यांच्या चोचीत कोंबायचा. काही टोपल्यांत पिलांच्या खांद्यांवर लाल ठिपका असायचा. पहाडी पोपटाच्या पंखावर तसा तांबडा डाग असतो आणि पहाडीला भाव जास्त, म्हणून साध्या पिलाला रंग लावून पहाडी म्हणून खपवायचं. घरी नेऊन आंघोळ घातली की रंग जाई. ढोलीतून काढताना फांदी तोडली जाते, ढोली फुटते, आणि पुढच्या वर्षी ती जागा कोणत्याच पाखराच्या उपयोगी पडत नाही. प्रवासात किती पिलं मरतात हे टोपलीत दिसत नाही. टोपलीत येतात ती वाचलेली.

अशा पिलांपैकी काही शाळांत पोचत. त्याच्या ठरलेल्या वाटा होत्या. पालकांची बदली, घरात लहान बाळ येणं, आजीचं जाणं, पोपट चावरा होणं. यांतलं काहीही झालं की 'शाळेत देऊ, मुलांना आवडेल' असं ठरे. वादळात झाडाखाली सापडलेलं पिलू मुलं स्वतःच उचलून आणत. परिसर अभ्यासाची पुस्तकं आली, निसर्गकोपरा करा असं सांगितलं जाऊ लागलं, तसं मत्स्यपात्र आणि पोपट हे दोन सोपे उपाय झाले. तपासणीला साहेब आले की पोपट 'नमस्ते' म्हणे. अनेक शाळांच्या जुन्या वार्षिक अंकांत मुख्याध्यापकांच्या फोटोमागे तो पिंजरा दिसतो.

आमच्या शाळेतला पिंजरा गोल घुमटाचा, लोखंडी तारेचा, दीड हात उंचीचा होता. मध्ये एक दांडी, ती बांबूची नव्हती, लोखंडी गजाची होती, म्हणून पोपटाच्या तळपायांना गुळगुळीत चट्टे पडले होते. शेपटी तारेबाहेर यायची आणि तिची टोकं कायम मोडलेली. पिंजऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूची एक तार चोचीने घासून घासून चकचकीत झाली होती, बाकीच्या तारांवर हिरवा रंग शिल्लक होता. छातीवर हाताच्या पेराएवढी जागा उघडी. तिथली पिसं तो स्वतः उपटायचा. उजवीकडून डावीकडे मान, डावीकडून उजवीकडे मान, हा त्याचा चाळा तासन् तास चाले आणि मुलं म्हणत, मिठू नाचतोय. पीटीच्या सरांची शिट्टी तो हुबेहूब काढायचा. मैदानावरची मुलं फसायची आणि सगळे हसायचे. पोपट आपल्या थव्याशी आवाजाने जोडलेला असतो. थवा नसला की जो आवाज सभोवती आहे तोच तो उचलतो. ती शिट्टी ऐकून येणारं दुसरं पाखरू शाळेत नव्हतं.

शाळेत पोपट ठेवण्यात घरापेक्षा काय वेगळं आहे, असं मला अनेकदा विचारलं गेलं. सुट्टी हे त्याचं उत्तर आहे. घरातल्या पिंजऱ्याला संध्याकाळी माणसं असतात. शाळा पाच वाजता रिकामी होते. मग सकाळपर्यंत अंधारा व्हरांडा, मांजर, उंदीर, डिसेंबरातली थंडी. रविवार सबंध. दिवाळीचे आठवडे, आणि मग मे महिना. आमचे शिपाईमामा भला माणूस. सुट्टीत सायकलला पिंजरा अडकवून घरी न्यायचे, परत आणायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही नव्हते. ते निवृत्त झाल्यावर ते काम कोणाच्याच यादीत नव्हतं, कारण ते आधीही कोणाच्या यादीत नव्हतं. जिथे मामा नाहीत त्या शाळांत काय होत असेल? जून उजाडल्यावर रिकामा पिंजरा भिंतीला टेकवून ठेवलेला मी पाहिला आहे, आणि 'उडून गेला' हे उत्तर मुलांना दिलेलं ऐकलं आहे. पिंजऱ्याचं दार तारेने बांधलेलं होतं.

खाण्याचंही तसंच. मिरची पोपटाला चालते हे खरं. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. पण मिरची, हरभऱ्याची डाळ आणि सूर्यफुलाच्या बिया एवढ्यावर त्याचा जन्म जातो, आणि त्यात अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, चरबी मात्र वाढते. नाक चोंदतं, चोच वेडीवाकडी वाढते. वर मुलांच्या डब्यातला चिवडा, कुरकुरे, बिस्किटं. मुलं प्रेमानेच घालतात. गळापट्टीवाला पोपट नीट सांभाळला तर पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. एखाद्या शाळेने पोपट घेतला म्हणजे तिने पाच-सहा मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीची जबाबदारी घेतली. कोणत्याही शाळा समितीच्या ठरावात असं काही लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

मुलांच्या बाजूनेही एक धोका आहे. पोपटांच्या विष्ठेतून, ती वाळून तिची धूळ श्वासात गेल्याने, न्यूमोनियासारखा ताप येऊ शकतो. १९२९-३० मध्ये परदेशातून आणलेल्या पोपटांमुळे युरोप-अमेरिकेत त्याची मोठी साथ आली होती. पिंजरा रोज धुणारी मुलं बहुधा सातवी-आठवीतली असतात आणि त्यांच्या तोंडाला फडकं नसतं.

कायद्याने हा विषय केव्हाच मिटवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आपले पोपट आले. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर देशी रानपक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची फेरमांडणी झाली आणि दंडही वाढला. गळापट्टीवाला, पहाडी, जांभळ्या डोक्याचा तुईया, यांतला कोणताही पकडणं, विकणं, घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारा कायदा तर त्याहून जुना: ज्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणं हे त्याच्या लेखी क्रौर्य आहे. मग गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्ष्यांच्या उडण्याच्या हक्काविषयी स्पष्ट भूमिका घेतली. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या इमारतीत हा कायदा वर्षानुवर्षं मोडला जातो आणि त्याकडे कोणी गुन्हा म्हणून पाहत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

शिक्षकांच्या खोलीत हा विषय मी काढला तेव्हा उत्तर आलं ते चांगल्या हेतूचंच होतं. मुलांना प्राण्यांविषयी प्रेम वाटायला हवं ना? मोबाइलच्या दिवसांत निदान एक जिवंत पाखरू तरी जवळून दिसू दे. हे म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. पण पिंजऱ्यातल्या पोपटाकडून मूल काय शिकतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलं. पोपट काय खातो असं परीक्षेत विचारलं की मुलं मिरची, डाळ, पेरू लिहीत. तो कुठे राहतो, याला 'पिंजऱ्यात' असं लिहिणारी मुलं दरवर्षी निघत, आणि आम्ही त्याला पूर्ण गुण देत होतो, कारण पुस्तकातल्या चित्रातही पिंजराच होता.

याला दुसरी वाट आपल्याच महाराष्ट्रात निघाली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात कुरणशाळा होती. मुलं गुरं चारायला रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जायचं. ज्या मुलांना ढोली कुठे आहे, पिलं केव्हा निघतात हे आधीच ठाऊक होतं, त्यांच्यापाशी शिक्षक चालत गेले. हा विचार शहराजवळच्या शाळेलाही जमण्यासारखा आहे. आमच्या गावच्या नदीकाठच्या वडावर संध्याकाळी पोपट मुक्कामाला उतरतात. मी नववीच्या मुलांना हिवाळ्यात तिथे नेत असे. सूर्य कलला की पहिला थवा, मग पाठोपाठ थवे, फांद्यांसाठी भांडणं, आणि अंधार पडता पडता एकदम सगळं गप्प. मुलं मोजायचा प्रयत्न करत आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा यायचा हट्ट धरत. नर कोणता हे गळ्याच्या काळ्या-गुलाबी पट्टीवरून ओळखायला त्यांना तिथेच आलं. पट्टी दोन-तीन वर्षांच्या नरालाच येते, म्हणून बिनपट्टीवाला मादीही असेल आणि पोरगाही, हा बारकावा एका मुलाने दुसऱ्याला समजावून सांगितलेला मी ऐकला.

पिंजरे नीट उतरवावेत असं मी सुरुवातीला म्हटलं, कारण घाईने दार उघडणं हाही एक प्रकारे जीव घेणंच आहे. वर्षानुवर्षं दांडीवर बसलेल्या पाखराच्या छातीचे स्नायू गेलेले असतात. पंख कापले असतील तर पिसं झडून नवी येईपर्यंत कित्येक महिने, कधी वर्ष जातं. कुत्रं, कावळा, मांजर ओळखता येत नाही, अन्न शोधता येत नाही. स्वातंत्र्यदिनाला मुलांसमोर पोपट सोडून देण्याचा कार्यक्रम काही ठिकाणी करतात, त्यातली पाखरं दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली का ते कोणी पाहत नाही. वनविभागाला कळवावं, १९२६ हा त्यांचा मदतीचा क्रमांक राज्यभर चालतो. उपचार केंद्रात मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव, इतर पोपटांची सोबत, आणि मग जमला तर थवा. ज्यांना ते जमणार नाही त्यांना तिथेच, आपल्या जातीच्या पाखरांत ठेवतात. आमच्या मिठूचं तसंच झालं. तो परत उडाला नाही. पण त्याच्या शेजारी दांडीवर दुसरा पोपट होता, आणि छातीवरच्या त्या उघड्या जागेत पुढच्या वर्षी हिरवी पिसं धरली.

अलीकडे शाळांत पिंजरे पुन्हा आले आहेत. देशी पोपट चालत नाही हे आता माहीत झालं आहे, म्हणून त्यात 'लव्हबर्ड' असतात. ज्यांना आपण सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते बहुतेक बजरीगर, मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांवरचे. १८४० मध्ये जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पिंजऱ्यांत वाढू लागले. ते विकणं आणि ठेवणं इथे गुन्हा नाही, म्हणून मुख्याध्यापक निर्धास्त असतात. पण तेही थव्याने राहणारे पोपटच आहेत आणि त्यांनाही रविवारी तहान लागते.

अशा शाळेत गेले की मी भाषण करत नाही. एक कागद देते. त्यावर रविवार, दिवाळी, मे महिना असे रकाने आहेत आणि प्रत्येकापुढे पाणी कोण घालणार, पिंजरा कोण साफ करणार, पाखरू आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेणार आणि पैसे कोणत्या खात्यातून देणार, असे प्रश्न. काही शाळांनी तो भरायला घेतला आणि मग पक्षी ज्याच्याकडून आणले होते त्याला परत केले. एका शाळेने मात्र प्रत्येक रकान्यात नाव लिहून, खाली मुख्याध्यापकांची सही घेऊन तो परत पाठवला आहे. तिथे मी मे महिन्यात जाऊन पाहणार आहे.